राज्यसभा : एका समासाचा विग्रह

तत्पुरुष समास शिकवताना 'लोकसभा' आणि 'राज्यसभा' ही दोन उदाहरणे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. विग्रह सोपा आहे. लोकांची सभा ती लोकसभा, राज्यांची सभा ती राज्यसभा. विद्यार्थी तो लगेच उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या समासाकडे वळतो. पण षष्ठी विभक्ती केवळ 'संबंध आहे' एवढेच सांगते. तो संबंध मालकीचा, की आश्रयाचा, की नुसता नावापुरता, हे ती सांगत नाही. 'राज्यांची सभा' यातील 'ची' नेमकी कोणत्या अर्थाची, या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात भारताची संसद आणि अमेरिकेची काँग्रेस या दोन संघराज्यीय विधिमंडळांची तुलना करीत आम्ही ते शोधणार आहोत. ही तुलना आम्ही दिल्लीतून किंवा वॉशिंग्टनमधून करणार नाही, यवतमाळातून करणार आहोत. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

आरंभ लोकनायक बापूजी अणे यांच्यापासून करावा लागतो. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. १९३० च्या जुलैमध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केलेले बापूजी आपल्याला ठाऊक असतात. संसदपटू बापूजी तितकेसे ठाऊक नसतात. इंग्रजी अमदानीतील मध्यवर्ती विधिमंडळाच्या कामकाजात त्यांच्या नावापुढे कंसात 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' एवढेच शब्द येतात. इतर सभासदांच्या नावापुढे मतदारसंघाचा तपशील असतो; येथे नुसता प्रदेश आहे. यामागे एक कायदेशीर गुंता होता. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०२ च्या कराराने त्यांच्याकडे कायमच्या भाडेपट्ट्याने राहिला. परंतु नाममात्र सार्वभौमत्व निजामाचे होते. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे वऱ्हाडी मतदारांनी मतदान करावयाचे, आणि जो निवडून येईल त्याची गव्हर्नर जनरलने सभासद म्हणून नियुक्ती करावयाची, अशी तोड काढण्यात आली. लोकांनी निवडलेला माणूस कागदोपत्री सरकारनियुक्त ठरे.

हा गुंता केवळ गंमतीचा नाही. आमच्या जिल्ह्याचा पुढचा सारा इतिहास त्यात बीजरूपाने आहे. पूर्वीचा वणी, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतला 'वून', जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. त्याआधी १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. १९३५ च्या कायद्यानंतर प्रांताचे नाव 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असे झाले. १९५० मध्ये आम्ही मध्य प्रदेशात होतो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. वणीच्या ज्या वृद्धाने हे सगळे पाहिले, त्याने घर न बदलता इतके पत्ते बदलले. यांतील काही बदल लोकांना हवे होते, काही नको होते. पण एकाही बदलाला वऱ्हाडच्या स्वतःच्या विधिमंडळाची संमती लागली नाही; कारण वऱ्हाडला स्वतःचे विधिमंडळच नव्हते. राज्ये कोण घडवतो आणि घडलेल्या राज्यांना केंद्रात कोणते स्थान मिळते, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ते येथे दिसू लागते.

आता अमेरिकेकडे वळू. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे तेथील संविधान आकाराला येत होते. जमलेली राज्ये स्वतःला आधीपासून अस्तित्वात असलेली, स्वतंत्र सत्ता मानत होती. व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्याला लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व हवे होते. डेलावेअरसारखे छोटे राज्य प्रत्येक राज्यास एक मत हा जुना नियम सोडावयास तयार नव्हते. आपल्या प्रतिनिधींना तशी ताकीद देऊनच त्याने पाठवले होते. १६ जुलै १७८७ रोजी जी तडजोड मंजूर झाली, तिने दोन सभागृहांचा प्रश्न सोडवला. प्रतिनिधिगृह लोकसंख्येनुसार आणि सिनेट समानतेने. प्रत्येक राज्यास दोन सिनेटर. एवढ्यावर छोटी राज्ये थांबली नाहीत. कोणत्याही राज्याचे सिनेटमधील समान मत त्या राज्याच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही, असे त्यांनी घटनादुरुस्तीच्या कलमातच लिहवून घेतले. आज सिनेटमध्ये १०० सदस्य आहेत. २०२० च्या जनगणनेप्रमाणे कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंगची सुमारे ५ लाख ७७ हजार. दोघांचेही सिनेटर दोनच. २०११ च्या जनगणनेत एकट्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती; म्हणजे वायोमिंगच्या जवळजवळ पावणेपाच पट.

आमच्या संविधान सभेसमोर चित्र अगदी उलटे होते. राज्ये एकत्र येऊन संघ घडवत नव्हती. संघ राज्यांना आकार देत होता. पाचशेहून अधिक संस्थाने विलीन होत होती. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. प्रांतांच्या सीमा इंग्रजांच्या सोयीने पडल्या होत्या आणि त्या टिकणार नाहीत, हे सर्वांना दिसत होते. भारतीय संघ हा घटक राज्यांच्या कराराचे फळ नाही आणि म्हणून कोणासही त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट केले. उद्या ज्यांच्या सीमा बदलणार आहेत त्या राज्यांना आज कायमची समानता कशी द्यावयाची, ही त्या काळाची खरी अडचण होती. म्हणून राज्यसभेसाठी मधला मार्ग निघाला. पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर २० लाखांमागे एक. लहान राज्यांना थोडे झुकते माप मिळाले, समानता नाही. आज उत्तर प्रदेशाच्या ३१, महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची १ जागा आहे.

ज्या कारणाने समानता नाकारली गेली, त्याच कारणाने संविधानाचा तिसरा अनुच्छेद लिहिला गेला. नवे राज्य निर्माण करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे हे सारे संसद साध्या बहुमताने करू शकते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते. ते मानावे लागत नाही. या तरतुदीचा एक पूर्वज १९३५ च्या कायद्यातील २९० व्या कलमात सापडतो. तेथेही प्रांताचे मत अजमावून सीमा बदलण्याचा अधिकार सम्राटाकडे होता. सम्राटाच्या जागी लोकनियुक्त संसद आली, हा फरक लहान नाही. पण विचारणे आणि संमती घेणे यांतील अंतर तसेच राहिले.

अमेरिकन संविधानात याच्या नेमके विरुद्ध कलम आहे. एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढावयाचे तर काँग्रेसबरोबरच त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती हवी. मॅसॅच्युसेट्सच्या संमतीने १८२० मध्ये मेन वेगळे झाले. यादवी युद्धाच्या धामधुमीतही हे कलम बाजूला सारता आले नाही. व्हर्जिनिया संघातून फुटून निघाले, तेव्हा त्याच्या पश्चिमेकडील संघनिष्ठ भागाने व्हीलिंग येथे स्वतःचे 'पुनःस्थापित व्हर्जिनिया सरकार' उभे केले आणि त्या सरकारने व्हर्जिनियाच्या वतीने संमती दिली. २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्य अस्तित्वात आले. ही पळवाट होती, यात शंका नाही. पण संमतीचे नाटक करावे लागले, यावरूनच संमतीचे मोल कळते. पुढे १८६९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अविनाशी संघ आणि अविनाशी राज्ये हे सूत्र मांडले. आमच्या संविधानात संघ अविनाशी आहे. राज्ये मात्र नाहीत.

याची पहिली मोठी परीक्षा झाली ती आमच्याच प्रदेशावरून. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १९५६ च्या विधेयकात आरंभी तीन घटक होते : विदर्भ-मराठवाड्यासह महाराष्ट्र, सौराष्ट्र-कच्छसह गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. त्यावर विधिमंडळाचे मत घेतले गेले. नंतर संसदेने विधेयकाचा आराखडाच बदलला आणि या तिन्हींचे एक द्वैभाषिक राज्य केले. या नव्या योजनेवर मुंबईच्या विधिमंडळाला बोलण्याची संधीच मिळाली नाही, असा आक्षेप बाबुलाल पराते यांनी न्यायालयात घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी तो फेटाळला. संसदेने विधेयकात केलेल्या बदलावर राज्याचे मत पुन्हा मागवण्याची गरज नाही, असा तो निर्णय. अनुच्छेद ३ वरील कोणत्याही चर्चेत आजही या खटल्याचा उल्लेख येतो. केळापूर तालुक्यात पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की या निर्णयाचे फलित डोळ्यांनी पाहता येते. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी विभाजनाचे विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा जन्मले. नदीपलीकडच्या आदिलाबादचे राज्य बदलले, ते त्याच्या जुन्या राज्याच्या विधानसभेने नकार दिल्यावर.

येथे एक विरोधाभास उभा राहतो, आणि आमच्या मते या तुलनेचा गाभा तोच आहे. विदर्भ अमेरिकेत असता तर महाराष्ट्राच्या संमतीवाचून तो कधीच वेगळा होऊ शकला नसता. पण एकदा वेगळा झाला असता तर पहिल्या दिवसापासून त्याला सिनेटमध्ये महाराष्ट्राइतकेच स्थान मिळाले असते. भारतात तो महाराष्ट्राच्या इच्छेविरुद्धही वेगळा होऊ शकतो. पण वेगळा झाल्यावर राज्यसभेत त्याला नवे काही मिळणार नाही, जुन्याचाच वाटा मिळेल. २००० साली मध्य प्रदेशाच्या १६ जागांपैकी ५ छत्तीसगडला गेल्या, बिहारच्या २२ पैकी ६ झारखंडला, उत्तर प्रदेशाच्या ३४ पैकी ३ उत्तराखंडला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे विदर्भाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश आहे. त्या हिशेबाने १९ पैकी चार जागा येतील. अमेरिकेत राज्याचा जन्म अवघड आणि प्रतिष्ठा जन्मसिद्ध. आपल्याकडे जन्म सोपा आणि प्रतिष्ठा लोकसंख्येच्या वजनावर. विदर्भ वेगळा व्हावा की न व्हावा, यावर या लेखाच्या लेखकांतही एकमत नाही आणि येथे तो वादही नाही. दोन्ही बाजूंचे लोक ज्या चौकटीत भांडतात ती चौकट दिसावी, एवढाच हेतू.

ही चौकट त्या वेळी कोणालाच दिसली नव्हती असे नाही. विदर्भाची शिफारस करणाऱ्या त्याच आयोगाचे सदस्य सरदार के. एम. पणिक्कर यांनी उत्तर प्रदेशाविषयी स्वतंत्र टिपण जोडले होते. एकच राज्य इतके मोठे असणे संघराज्याला पेलणारे नाही, आणि अमेरिकेप्रमाणे वरिष्ठ सभागृहातील समानतेने तो तोल सावरण्याची सोयही आपल्याकडे नाही, हा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात मोठ्या राज्यांच्या वर्चस्वाची चिंता व्यक्त केली आणि महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. पूर्व महाराष्ट्र, म्हणजे विदर्भ, हा त्यांतील एक. ते तेव्हा स्वतः राज्यसभेचे सदस्य होते, ही गोष्ट येथे लक्षणीय वाटते.

मात्र सिनेटचे गुणगान करून थांबणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. राज्यांची समानता म्हणजे माणसांची समानता नव्हे. पुष्कळदा ती तिच्या विरोधात उभी राहिली आहे. १७८७ च्या त्याच तडजोडीत गुलामांना प्रतिनिधिगृहाच्या गणनेत तीन पंचमांश माणूस धरले गेले. मेन १८२० मध्ये राज्य झाले ते मिसुरीला गुलामगिरीसह प्रवेश देण्याच्या सौद्यात, सिनेटमधील तोल राखण्यासाठी. कृष्णवर्णीयांना जमावाकडून ठार मारण्याविरुद्धचे विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले आणि सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी ते अडवून मारले. वॉशिंग्टन शहराची लोकसंख्या वायोमिंगहून अधिक आहे, पण ते राज्य नसल्यामुळे त्याला एकही सिनेटर नाही. 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' या कंसातल्या शब्दांची आठवण व्हावी, अशीच ही स्थिती.

आणि एक बाब तर थेट आमच्या शेतापर्यंत येते. विरळ वस्तीच्या ग्रामीण राज्यांना सिनेटमध्ये त्यांच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी अधिक वजन मिळते. अमेरिकेत शेतीला मिळणाऱ्या भरघोस अनुदानांमागे हेही एक कारण आहे. त्यांतील कापसाच्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि त्या अनुदानांमुळे कापसाचे जागतिक भाव दबले, असा निष्कर्ष पुढे निघाला. टेक्सासच्या शेतकऱ्याची बाजू ऐकणारे सभागृह आणि यवतमाळच्या बाजारात कापसाला मिळणारा भाव यांच्यात असा दूरचा, पण खरा धागा आहे. ज्या कराराने ही व्यापार संघटना उभी राहिली, तो १९९४ चा करार अमेरिकेत अमलात आणण्यासाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मतदान झाले. सिनेटमध्ये १ डिसेंबर १९९४ रोजी ७६ विरुद्ध २४ मते पडली. भारतात असे करार करणे हा कार्यकारी मंडळाचा अधिकार मानला जातो. संसदेत चर्चा झाली, पण करार स्वीकारावा की नाही यावर तिच्या मतदानाची अट नव्हती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्या सहांपैकी एक. करार होताना ज्याचे मत घेण्याची गरज पडली नाही, त्याला नंतर पॅकेज मिळते, हा क्रम विचार करावयास लावणारा आहे.

राज्यसभेच्या अंगभूत रचनेकडे पाहिले तर 'राज्यांची' हा शब्द आणखी सैल होतो. अमेरिकन संविधानानुसार सिनेटर निवडून येतेवेळी त्या राज्याचा रहिवासी असावा लागतो. आपल्याकडेही १९५१ च्या कायद्यात उमेदवार त्या राज्यातील मतदार असण्याची अट होती. २००३ मध्ये ती काढून 'भारतातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार' असे शब्द घातले गेले. कुलदीप नय्यर यांनी या बदलाला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बदल वैध ठरवला. सिनेटर १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्यांची विधिमंडळेच निवडीत. राज्यसभेचे सदस्य आजही आमदार निवडतात. पण १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर सदस्याने सभागृहात पक्षादेश मोडला तर त्याची जागा जाऊ शकते. राज्याचे हित आणि पक्षाचा आदेश यांत विरोध आला तर तो कोणाचा प्रतिनिधी, याचे उत्तर या तरतुदीने देऊन टाकले आहे. सिनेटला असा पक्षादेशाचा कायदा माहीत नाही.

दोन्ही सभागृहांचे विशेषाधिकारही असेच बोलके आहेत. तह मंजूर करणे, मोठ्या नेमणुकांना संमती देणे, महाभियोग चालवणे, हे सिनेटचे खास अधिकार. तिघांचाही रोख केंद्राच्या कार्यकारी सत्तेला आवर घालण्याकडे आहे. राज्यसभेचे खास अधिकार दोन. राज्यसूचीतील विषयावर संसदेला कायदा करू देणारा ठराव आणि नव्या अखिल भारतीय सेवा निर्माण करण्यास अनुमती देणारा ठराव. राज्यांच्या सभेला राज्यांच्या वतीने जे विशेष करता येते, ते म्हणजे राज्यांचे अधिकार केंद्राच्या हाती देणे. धनविधेयकावर तर तिला केवळ शिफारशी करता येतात, त्याही १४ दिवसांच्या आत.

मग राज्याराज्यांतील आणि राज्याच्या पोटातील विषमतेचा प्रश्न जातो कोठे? तो इतर दारे ठोठावतो. १९५६ मध्ये संविधानात आलेल्या ३७१ (२) या तरतुदीखाली विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. त्याआधी वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासातील तफावत मोजली आणि 'अनुशेष' हा शब्द आमच्या बोलण्यात रुजवला. सभागृहात जे प्रतिनिधित्व म्हणून मिळावयाचे, ते आम्ही 'अनुशेष' म्हणून मागू लागलो. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दांतराकडे अवश्य पाहावे. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात थकबाकी.

लोकसभेतील आमची गोष्टही सांगितली पाहिजे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत यवतमाळ हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ उरला नाही. जिल्ह्याच्या सात विधानसभा मतदारसंघांपैकी यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपुरात आणि उमरखेड मराठवाड्यातील हिंगोलीत गेले. एका जिल्ह्याचे मतदार तीन खासदार निवडतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही आखणी राज्यांची विधिमंडळे करतात आणि सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने रेषा ओढतो, ही तेथील जुनी व्याधी. आपला स्वतंत्र आयोग त्या मानाने कितीतरी बरा. परंतु राज्याराज्यांतील जागांचे वाटप १९७६ च्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठवले गेले आणि २००१ मध्ये ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली. हे वाटप बदलले तर आपले वजन घटेल, अशी भीती दक्षिणेकडील राज्ये व्यक्त करतात. एका सभागृहात संख्येचे राज्य असेल तर दुसऱ्यात समानतेचा आधार असावा, ही पणिक्करांची सत्तर वर्षांपूर्वीची चिंता त्या भीतीत पुन्हा ऐकू येते.

बापूजी अणे १९६२ मध्ये नागपूरमधून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते आणि विदर्भाचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. या खेपेस त्यांच्या निवडीला कोणाच्या नियुक्तीची मोहोर लागली नाही, हे स्वातंत्र्याचे देणे आहे आणि ते लहान मानता येणार नाही. 'लोकसभा' या समासातील षष्ठी त्या दिवशी खरी ठरली. 'राज्यसभा' या समासातील षष्ठी मात्र अद्याप तशी खरी ठरलेली नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी आपली सभा मागून घेतली, म्हणून ती मालकीची षष्ठी आहे, तिच्या सर्व दोषांसह. आपल्याकडे सभा आधी आली, राज्ये नंतर आखली गेली. म्हणून 'राज्यांची सभा' म्हणण्यापेक्षा 'राज्यांसाठी सभा' हा विग्रह वस्तुस्थितीला अधिक जवळचा. व्याकरणाच्या दृष्टीने ती चतुर्थी होईल. चतुर्थीचा अर्थ संप्रदान, म्हणजे दिलेले.

पुढच्या वर्षी फळ्यावर हे उदाहरण लिहिताना आम्ही दोन्ही विग्रह लिहू. योग्य कोणता, हे उत्तर विद्यार्थ्यांनी द्यावे. त्यांतील कित्येकांची गावे तीन मतदारसंघांत वाटली गेलेली आहेत.